दिवेलागणीचा प्रश्न: आज जेवायला काय करू?

गेल्या अंकात आपण विचारलं होतं की कामावरून घरी आल्यावर रात्रीच्या स्वयंपाकात तुमचं नेमकं काय अडतं, आणि त्यावर इतकी पत्रं आली की सगळ्यांना इथे जागा देणं शक्यच नाही. बऱ्याच जणींचा (आणि या वेळी बऱ्याच जणांचासुद्धा, हे बघून फार बरं वाटलं) प्रश्न फिरून फिरून तोच, सात ते नऊ हे दोन तास. त्यातली काही पत्रं घेतलीयेत, नावं अर्थातच दिली नाहीत.

ताई, मी डोंबिवलीला राहते, ऑफिस फोर्टला. सीएसएमटीहून ६.४० च्या आसपासची फास्ट मिळाली तर घरी सव्वाआठ, रिक्षाची लाईन असली की साडेआठ. मग कणीक मळा, पोळ्या लाटा, भाजी चिरा, कुकर लावा, जेवायला पावणेदहा होतात. धाकटा पाच वर्षांचा आहे, तो बऱ्याचदा बिस्किटं खाऊनच झोपून जातो. नवरा साडेसातला घरी येतो, त्याला मदत करायची असते पण पोळ्या येत नाहीत. काय करू?

अगं, ती बिस्किटं खाऊन झोपलेल्या पोराची ओळ वाचली आणि मी पत्र बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसले, कारण हे माझ्या घरीही झालंय. मी बँकेत होते, मार्चअखेरला तर घरी यायची वेळच नसायची. त्यामुळे जे मला कळायला चार-पाच वर्षं लागली ते तुला आत्ताच सांगते. रात्री पोळी, भाजी, वरण, भात असं चारही ताटात हवंच हे आपण मनात पक्कं धरलेलं असतं ना, सगळा वेळ त्यात जातो. सकाळी डब्याला पोळी-भाजी होतेच तुमच्याकडे, मग रात्री एकच भांडं गॅसवर चढवायचं आणि त्यातच सगळं आणायचं, डाळ पण, धान्य पण, भाजी पण.

आता वरणफळंच घे. आमच्याकडे वरणफळं म्हणतात, सोलापूर-मराठवाड्याकडे चकोल्या म्हणतात. सकाळी डब्याच्या गडबडीत कुकर लागतोच, त्यातच वाटीभर तूरडाळ जास्तीची शिजवून घे, गार झाली की डब्यात घालून फ्रीजमध्ये. सकाळच्या कणकेतला एक गोळा तेलाचा हात लावून तोही फ्रीजमध्ये, वरून जरा काळसर दिसतो पण त्याच रात्री वापरायचाय त्यामुळे काही बिघडत नाही. रात्री पातेल्यात तेल, मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, पाचसहा लसूण पाकळ्या ठेचून, हळद, तिखट, मग ती डाळ घोटून घाल, चार वाट्या गरम पाणी, मीठ, गोडा मसाला, चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा. उकळी येईपर्यंत दोन मोठ्या पोळ्या लाट, गोल आल्या नाही तरी चालतंय कारण त्या कापायच्याच आहेत, शंकरपाळ्यासारखे तुकडे कर आणि खळखळ उकळत असतानाच एकेक सोड, सगळे एकदम ओतलेस तर एकमेकांना चिकटून गोळा होतो. आठ-दहा मिनिटं शिजू दे, अधूनमधून हलव, आणि आमटी सुरुवातीला पातळच ठेव कारण फळं पाणी पितात. वरून कोथिंबीर, तूप. मूठभर पालक किंवा शेवग्याची पानं आमटीत टाकलीस तर भाजीचंही काम झालं. पंचवीस मिनिटांत ताटात आणि पोरं सहसा नाही म्हणत नाहीत.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नवरा साडेसातला घरी येतोय म्हणजे तुझ्या आधी पाऊण ते एक तास, तो वेळ वाया का घालवायचा? पोळ्या येत नसतील तर नको करू दे पोळ्या, खिचडीचा कुकर लावायला पोळी यावी लागत नाही. पिठलं येईल. एक वाटी बेसन तीन वाट्या पाण्यात आधीच गुठळी न ठेवता कालवून घ्यायचं, कांदा-लसूण-हिरवी मिरचीची फोडणी परतून झाली की ते ओतायचं आणि ढवळत राहायचं, शेवटी झाकण ठेवून एक दणदणीत वाफ, बाजूच्या गॅसवर भाताचा कुकर. भाजणी घरात असेल तर थालीपीठही येईल कारण ते लाटायचं नसतं, थापायचं असतं, ओल्या रुमालावर थापून तव्यावर उलटं टाकलं की झालं. म्हणजे मुलगा आठ वाजता बाबाबरोबर जेवलेला असेल आणि तू आल्यावर तुझं ताट तयार असेल. त्याच्याशी यावर नीट बोल, तो तयार आहे असं तुझ्या पत्रावरूनच दिसतंय.

आणि वार लावून टाका बाई. सोमवारी खिचडी, मंगळवारी पिठलं-भात, बुधवारी वरणफळं, गुरुवारी थालीपीठ आणि दही, शुक्रवारी अंडा बुर्जी-पाव किंवा मसालेभात. स्वयंपाकापेक्षा "आज काय करू" हे ठरवण्यातच जीव जास्त दमतो, लोकलमध्ये उभं राहून तो विचार करण्यापेक्षा फ्रीजच्या दारावर कागद चिकटवलेला बरा.

खिचडी केली की माझी मुलं विचारतात, "बाबा, घरात कोण आजारी आहे?" पुण्यात राहतो, बायकोची सेकंड शिफ्ट असते, रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. मला खिचडी सोडून फारसं काही जमत नाही. शिवाय रोज खिचडी दिली तर मुलांना प्रोटीन पुरेसं मिळतं का?

प्रोटीनचं आधी सांगते. १०० ग्रॅम कच्च्या मूगडाळीत साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि तांदळात जे लायसिन कमी पडतं ते डाळीत भरपूर असतं, डाळीत जे मेथिओनिन कमी ते तांदळात मिळतं, म्हणून ही जोडी फार शहाणी आहे. फक्त मुलांसाठी करताना डाळीचा हात सैल ठेवा, एक वाटी तांदळाला पाऊण ते एक वाटी डाळ, बरोबर दही किंवा ताक. तेवढ्यावर अख्खा आठवडा काढू नका, पण आठवड्यातून दोन रात्री खिचडी म्हणजे काही कमी पडलं असं अजिबात नाही.

आता चव. आजाऱ्याची खिचडी कशी असते, मऊ, पिवळी, बरोबर काही नाही. तुम्ही तेच वाढत असाल तर मुलांचं बरोबरच आहे! विदर्भात गरम वडाभातावर लसणाची चरचरीत फोडणी वरून ओततात, तीच युक्ती खिचडीला करून बघा, खिचडी साधीच ठेवा आणि छोट्या कढल्यात दोन-तीन चमचे तेल, मोहरी, भरपूर लसूण लालसर होईपर्यंत, दोन सुक्या मिरच्या, आणि ते मुलांच्या समोर ताटात ओता. तो चर्र आवाज आणि वास आला की पुढचं सांगावं लागत नाही. एखाद्या दिवशी मुगाऐवजी मसूर घ्या, कांदा-टोमॅटो परतून घ्या, गोडा मसाला घाला. बरोबर पोह्याचा नाहीतर उडदाचा पापड भाजून, सांडगी मिरची, लिंबाचं लोणचं, ओलं खोबरं-कोथिंबीर. आणि मुलं साताठ वर्षांची असतील तर पापड भाजायचं काम त्यांना तुम्ही शेजारी उभं राहून द्या, स्वतः भाजलेला पापड असला की जेवण आपोआप होतं.

आम्ही दोघंही शिक्षक, लातूरला असतो. तूरडाळीच्या गावात राहून आमची डाळच शिजत नाही! सहा-सात शिट्ट्या करूनही दाणा दाणा राहतो, पाणी बोअरचं आहे. रात्री अर्धा-पाऊण तास यातच जातो.

दोष बहुतेक पाण्याचाच. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते डाळीच्या दाण्याला आतून घट्ट धरून ठेवतात, मग शिट्ट्या वाढवून उपयोग होत नाही, गॅस तेवढा जातो. डाळीपुरतं पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरा, भिजवायलाही आणि शिजवायलाही. अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, घरी आल्या आल्या चपला काढायच्या आधी डाळ भिजत टाकली तरी चहा होईपर्यंत ती तयार असते. टोमॅटो, चिंच, आमसूल डाळ शिजल्यावरच घाला, आंबट आधी पडलं की डाळ अडून बसते. पाणी बदलणं शक्यच नसेल तर सोडा, पण खरोखर चिमूटभर, जास्त घातला तर चवही जाते आणि बी-जीवनसत्त्वही. आणि डाळ किती जुनी आहे ते बघा, वर्षभर डब्यात राहिलेली डाळ चांगल्या पाण्यातही त्रास देते.

ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवसासाठी तुमच्या मराठवाड्यात येसर आहे की! धान्य, डाळी, मसाले भाजून दळलेलं ते पीठ घरात असलं की दोन-तीन चमचे पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीत ओतायचं, दहा मिनिटं उकळायचं, आमटी तयार, डाळ शिजवायचा प्रश्नच नाही. भाकरीबरोबर चुरून खा. बाजारातल्या इन्स्टंट पाकिटांना पैसे घालवायच्या आधी आपल्या आज्यांनी करून ठेवलेलं हे इन्स्टंट आठवावं असं मला फार मनापासून वाटतं, येसर, मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, सांडगे, हे सगळं ऐनवेळेसाठीच तर होतं, शेतातून दमून आलेल्या बाईसाठी.

मी नाशिकला नर्स आहे, ड्युटी बदलती. रविवारी (किंवा सुटी असेल तेव्हा) आठवड्याचं सगळं करून ठेवावं असं सगळे सांगतात. पण मागे एकदा फ्रीजमधला भात खाऊन घरात सगळ्यांची पोटं बिघडली तेव्हापासून भीती बसलीये. काय ठेवावं, काय ठेवू नये?

शिजवलेलं अन्न आठवडाभराचं करून ठेवायच्या मी पण विरोधात आहे, शिळं आणि त्याच चवीचं खाऊन चौथ्या दिवशी माणूस बाहेरून मागवतोच. तयारी करून ठेवायची, स्वयंपाक नाही.

भाताचं म्हणाल तर दोष बहुतेक फ्रीजचा नव्हता, त्याआधी तो ओट्यावर किती वेळ राहिला त्याचा होता. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून उरलेला भात ताटलीत पसरून पटकन निववायचा, तासाभरात फ्रीजमध्ये टाकायचा, दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन वाफाळेपर्यंत गरम करून संपवायचा. रात्रभर झाकून बाहेर ठेवलेला भात, निदान उन्हाळ्यात तरी, नकोच.

तयारीत माझ्या घरी काय असतं ते सांगते. कांदा-सुकं खोबरं भाजून त्याचं वाटण, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून मग पिशवीत भरून ठेवते, महिनाभर पुरतं, दोन क्यूब टाकले की कुठलीही उसळ, अंड्याची आमटी, वांग्याची रस्सा भाजी वीस मिनिटांत. आलं-लसूण पेस्टचंही तसंच, तेलात बुडवलेला लसूण बाहेर मात्र ठेवू नका, त्याची विषबाधा वाईट असते. खोवलेलं खोबरं फ्रीझरमध्ये. दाण्याचं कूट बरणीभर. हिवाळ्यात मटार स्वस्त झाले की सोलून, दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, निथळून फ्रीझरमध्ये. मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधून ठेवायची, मोड आले की डब्यात भरून फ्रीजला, तीन दिवस छान राहते आणि कुकरही लागत नाही, झाकण ठेवून पंधरा मिनिटांत शिजते. कोथिंबीर, मेथी निवडून ठेवा पण धुवू नका, कागदात गुंडाळून डब्यात, वापरायच्या वेळी धुवा. बटाटा, वांगं चिरून ठेवू नका, काळं पडतं.

आणि नाईट करून आलेल्या दिवशी तुम्ही स्वतः ओट्यापाशी उभ्या राहू नका. मऊ भात, मेतकूट, तूप, तेवढं घरातल्या कोणालाही करता येतं.

जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. मुलगी दीड वर्षाची. इंडक्शन आहे, कुकर आणलेला नाही, फोडणीच्या धुराने अलार्म वाजेल म्हणून धाकधूक असते. हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो, डेकेअरमधून येऊन काहीतरी गरम हवं असतं. वरण-भाताची फार आठवण येते.

तिथल्या सुपरमार्केटमध्ये लाल मसूर अगदी सहज मिळते, तीच आणा, तूरडाळ शोधत इंडियन स्टोअरला दर आठवड्याला जायला नको. लाल मसूर न भिजवता साध्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटांत गळून जाते. हळद, हिंग घालून शिजवा, फ्रोझन पालकाचे दोन गोळे त्यातच टाका, मीठ घालायच्या आधी मुलीचा वाटा काढून तूप घालून द्या. मग तुमच्यासाठी फोडणी. धूर होतो तो तेल फार तापल्यामुळे, इंडक्शन भराभर तापतं म्हणून मधल्या आचेवरच ठेवा, एक मोहरी टाकून बघा, ती तडतडली की बाकीची टाका आणि लगेच झाकण, जिरं-लसूण गॅस बंद केल्यासारखं इंडक्शन बंद करून उरलेल्या उष्णतेवर. बाजूला भात, एकाला दोन पाणी, झाकण ठेवून मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं, मग न उघडता दहा मिनिटं तसाच. मसुरीचं वरण तुरीसारखं लागत नाही हे खरंय, पण लिंबू पिळून, वर तूप सोडून गरम भातावर घ्या, अंधारलेल्या संध्याकाळी पोटाला फार आधार वाटतो. पुढच्या वेळी भारतात आलात की इंडक्शनवर चालणारा तीन लिटरचा कुकर बॅगेत टाका, कपड्यांचं वजन कमी करा पण तो न्या.

रत्नागिरीहून लिहितेय. मासे साफ करायला वेळ नसतो अशा रात्री काय करावं?

कुळथाची पिठी! अजून काय! तेलात लसूण-मिरची-कढीपत्ता, अडीच वाट्या पाणी, तीन-चार आमसुलं, पाण्यात कालवलेलं तीन चमचे कुळथाचं पीठ, खोबरं, सात-आठ मिनिटं. तोंडाला जवळा, कांद्यावर परतलेला. जवळा मात्र पावसाच्या आधी भरपूर घेऊन कडक ऊन दाखवून ठेवलेला हवा.

मी ६८ वर्षांचा आहे, सांगलीत मुलगा-सून-नातवाबरोबर राहतो. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. सून कामावरून सातला येते आणि तशीच ओट्यापाशी उभी राहते, मी टीव्हीसमोर बसलेला असतो, मला ते बघवत नाही. आयुष्यात चहाशिवाय काही केलेलं नाही. मला या वयात काय जमेल? आणि तिला आवडेल का?

काका, तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

जमेल. दुपारी चारला उन्हं कलली की भाजी निवडायला बसा, मेथी असेल तर पानं खुडायची, घेवडा असेल तर शिरा काढायच्या, लसूण सोलून वाटीभर ठेवायचा. हे उभं राहून करायचं काम नाही, टीव्ही चालू असला तरी होतं आणि दिवसातली सगळ्यात किचकट अर्धा तासाची कामं हीच असतात. आठवडाभर एवढंच करा.

मग कुकर. सुनेला रविवारी सांगा की मला कुकर लावायला शिकव, असं सरळ सांगा, परस्पर करू नका, कारण ओटा तिच्या हातातला आहे, कुठली वाटी मापाची, मिसळणाचा डबा कुठे, शिट्टी कितव्या आचेवर, हे तिच्या पद्धतीने शिकलात तर तिला ते नक्की आवडेल. तळाला दोन भांडी पाणी, खालच्या डब्यात डाळ, डाळीच्या दुप्पट पाणी, चिमूट हळद, हिंग, थेंबभर तेल, वरच्या डब्यात धुतलेले तांदूळ आणि दुप्पट पाणी, एखादा बटाटा फटीत बसवता येतो. झाकण लावायच्या आधी रिंग नीट बसलीये आणि शिट्टीचं भोक मोकळं आहे हे उजेडाकडे धरून बघायचं. चार शिट्ट्या, गॅस बंद, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, आत पाण्याच्या उकळीपेक्षा बरंच जास्त, १२० अंशांच्या आसपास तापमान असतं, घाईने उघडलं की भाजतं. मोजताना शिट्ट्या चुकतात असं वाटलं तर नातवाला मोजायला बसवा.

साडेसहाला कुकर लावला तर सात वाजता सून दारातून आत येईल तेव्हा वरण-भात झालेला असेल, निवडलेली मेथी आणि सोललेला लसूण ओट्यावर असेल, तिला फक्त फोडणी टाकायची राहील. आणि तिने आधी पाच मिनिटं बसावं म्हणून चहा टाका, तो तर तुम्हाला येतोच.